माणशी एक ओमर
(निर्गम, अध्याय १६ : एक अभ्यासपाठ)

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे. अशा महोत्सवाला आपल्याकडे सर्रास 'ज्युबिली' म्हणतात. हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आला असला तरी त्याचे माहेर हिब्रू शास्त्रात आहे. मूळ शब्द 'योबेल', म्हणजे एडक्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, सात वर्षांची सात आवर्तने झाली म्हणजे पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे. गरिबीपायी जो स्वतःस विकून बसला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे, आणि हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन ज्याची त्याला परत मिळावी. त्या लोकांचे पन्नासावे वर्ष हे असे हिशेब तपासण्याचे वर्ष होते.

हा हिशेब कोणत्या मापाने तपासावा, हे त्यांना फार आधी, रानात असतानाच शिकविले गेले होते. तो धडा निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मान्नाची ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली आहे. आकाशातून भाकर पडली, एवढेच बहुधा आपल्या ध्यानात राहिले. येथे तीच कथा आपण सावकाश वाचू, आणि ती भाकर कशी मोजली गेली, कशी ठेवली गेली व केव्हा थांबली, इकडे विशेष लक्ष देऊ. वाचक बंधुभगिनींनी शास्त्र उघडून शेजारी ठेवावे, अशी विनंती आहे.

१. कोठारे बांधणारे लोक

निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात इस्राएल लोकांचे काम सांगितले आहे. ते फारोसाठी पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधीत होते. ज्यांच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्यांच्याच हातून दुसऱ्याची कोठारे उभी राहत होती.

मिसर देशात कोठारांची प्रथा कशी वाढली तेही शास्त्रात आहे. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवावा असे सुचविले, आणि दुष्काळाच्या सात वर्षांत त्या साठ्यावर देश जगला. काम शहाणपणाचे होते यात संशय नाही. परंतु सत्तेचाळिसावा अध्यायही वाचला पाहिजे. लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमीन दिली आणि शेवटी स्वतःस फारोचे दास म्हणून बांधून घेतले. पोटे भरली, पण कोठाराची किल्ली एकाच्याच हाती राहिली. पुढे योसेफाला न ओळखणारा राजा आला, तेव्हा योसेफाच्याच भाऊबंदांची लेकरे विटा पाडण्याच्या कामी जुंपली गेली. पाचव्या अध्यायात तर त्यांना पेंढा मिळेनासा झाला. पेंढा ज्याने त्याने शोधावा, पण विटांची ठरलेली संख्या कमी होता कामा नये, असा हुकूम सुटला. संख्या भरली नाही म्हणजे इस्राएलांतूनच नेमलेल्या नायकांना मार पडे.

आमच्या निपाणीकडील वाचकांना हे चित्र अगदीच परके वाटणार नाही. तंबाखूच्या वखारींत निवडण्या-चाळण्याचे काम कोणी केले, खकाण्याने कोणाची छाती भरली, आणि वखारीची किल्ली कोणाच्या कनवटीला राहिली, हे आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. हजारातल्या नापास झालेल्या विड्यांचा तोटा बहुधा तिलाच सोसावा लागतो. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर व त्यांनी बांधलेल्या संघटनेवर १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट निघाला. मजूर हा दास नव्हे, आणि दोन्ही गोष्टी एका तागडीत घालण्याचा आमचा हेतू नाही. पण ठरलेली संख्या, वरचा मुकादम आणि दुसऱ्याचे कोठार या तीन गोष्टी ज्याने अनुभवल्या आहेत, त्याला मान्नाचा धडा पंडितापेक्षा लवकर समजेल.

२. 'हे काय?'

मिसरातून निघताना लोकांच्या खांद्यावर परातींत बांधलेली बेखमिराची कणीक होती. दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे निघाल्यापासून बरोबर एका महिन्याने, ते एलीम व सीनाय यांच्यामधील सीनच्या रानात आले, तेव्हा शिदोरी संपली होती. लोक कुरकुरू लागले. मिसरात मांसाच्या हंड्यांपाशी बसून आम्ही पोटभर जेवत होतो, तेथेच मेलो असतो तर बरे झाले असते, असे ते मोशेला व अहरोनाला म्हणाले.

या कुरकुरीला आपण प्रवचनांतून पुष्कळ नावे ठेवतो. पण या अध्यायात भुकेच्या या पहिल्या तक्रारीबद्दल परमेश्वराने शिक्षा केलेली नाही; त्याने अन्न दिले. गुलामीत मनुष्याची एक सोय झालेली असते. उद्याची चूल पेटेल की नाही याचा विचार धनी करतो आणि त्याची किंमत पाठीवर वसूल करतो. हा धनी सुटला म्हणजे पहिली भीती भाकरीचीच वाटते. सालाने राबणारा गडी नोकरी सोडतो, कर्जात गुंतलेला मनुष्य सावकाराचा उंबरठा सोडतो, तेव्हा पहिल्या महिन्याच्या अखेरीस त्याच्याही घरी हेच बोलणे निघते. वेठबिगार बंद करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. पण कागदावर सुटलेला मनुष्य घरी पोहोचल्यावर खाणार काय, हा प्रश्न कायद्याच्या दुसऱ्या दिवशीही शिल्लकच होता. म्हणून भुकेल्याच्या तक्रारीला परमेश्वराने जसे उत्तर दिले, तसेच आधी देण्याचे आपण शिकावे.

संध्याकाळी लावे पक्षी आले. सकाळी दव पडले, आणि दव सुकल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे बारीक काहीतरी दिसू लागले. ते धण्यासारखे व पांढरे होते, आणि त्याची चव मध घातलेल्या पापडीसारखी होती. गणनेच्या अकराव्या अध्यायात आणखी माहिती आहे: लोक ते जात्यावर दळीत किंवा उखळात कुटीत, भांड्यात शिजवीत आणि त्याच्या पोळ्या करीत. म्हणजे देणे परमेश्वराचे असले तरी दळणकांडण सुटले नव्हते. ते पाहून लोकांनी एकमेकांस विचारले, 'मान हू?' म्हणजे, हे काय? तेच त्या अन्नाचे नाव पडले. आपल्या गल्लीत असते तर अर्ध्या घरांतून 'हे काय?' आणि अर्ध्या घरांतून 'इदेनु?' असे ऐकू आले असते, आणि नाव कोणत्या भाषेतले लावावे यावर सभा भरली असती! त्या तांड्यातही सगळे एका कुळाचे नव्हते. बाराव्या अध्यायात म्हटले आहे की, इस्राएलांबरोबर इतर लोकांचा मोठा मिश्र समुदाय निघाला होता. सोळाव्या अध्यायात मात्र माप देताना कोणाचे कूळ विचारलेले दिसत नाही.

सीनायच्या रानात आजही असे काही सापडते काय, याचा अभ्यासकांनी शोध घेतला आहे. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ बोडनहायमर १९२७ साली तेथे गेले होते. झाऊच्या झुडपांवर जगणारे बारीक कीटक गोड रस टाकतात व तो सुकून त्याचे कण पडतात, असे त्यांनी नोंदविले. हे कण उन्हाळ्यात काही आठवडेच मिळतात आणि फार थोडे मिळतात. लावे पक्षीही ऋतुमानाप्रमाणे त्या प्रदेशावरून जातात हे खरे. कोणी यात कथेचा आधार पाहील, कोणी पाहणार नाही. मान्ना कशाचा होता याचे वर्णन शास्त्राने चार ओळींत आटोपले आहे आणि तो कसा मोजावा यावर जवळजवळ सारा अध्याय खर्च केला आहे, इकडे मात्र लक्ष द्यावे. आपणही मापाकडेच वळू.

३. माप

आज्ञा अशी होती की, प्रत्येकाने आपल्या तंबूत जितकी माणसे असतील तितके, माणशी एक ओमर गोळा करावे. आपल्या घरांत जशी पायली, अधोली, शेर ही मापे होती, तसे त्यांचे ओमर. एका एफाचा दहावा भाग, असे याच अध्यायाच्या शेवटच्या ओळीत सांगितले आहे. आजच्या हिशेबाने ते सुमारे दोन लिटर भरते. कोणी पुष्कळ गोळा केले, कोणी थोडे केले. पण ओमराने मोजून पाहता, पुष्कळवाल्याचे उरले नाही आणि थोडेवाल्याला कमी पडले नाही.

हे घडले कसे, यावर जुन्या काळापासून दोन अर्थ सांगतात. मोजतानाच चमत्काराने सर्वांचे सारखे झाले, असे काही म्हणतात. दुसरे म्हणतात की, तरण्याने अधिक वेचले, म्हातारीने थोडे वेचले, आणि सर्वांचे एकत्र करून माणशी माप दिले. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात याच वचनाचा आधार घेतला आहे, आणि तोही यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना! त्यावरून पौलाचा कल दुसऱ्या अर्थाकडे असावा असे आम्हांस वाटते.

फारोच्या राज्यात माणसाची मोजणी विटांवर होई. ज्याच्या अंगात बळ अधिक त्याच्याकडून अधिक विटा, ज्याचे बळ सरले त्याच्या पाठीवर फटके. रानातील पहिल्याच सकाळी ही मोजणी बदलली. आता तंबूत किती विटा पाडणारे आहेत हे न विचारता किती तोंडे आहेत हे विचारले गेले. तान्ह्या मुलाचे एक ओमर, आजारी आजीचे एक ओमर, मोशेचेही एक ओमर.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मान्ना छावणीच्या सभोवार पडत असे. प्रत्येक घराने उठावे, आपल्या हाताने वेचावे आणि आपल्या चुलीवर शिजवावे. कोणाला व्यासपीठावर बोलावून, सर्वांसमक्ष नाव पुकारून ते हाती दिले गेले नाही. गरजूंना मदत देताना आम्ही विश्वस्त मंडळी नेमकी हीच चूक करीत आलो आहोत, हे महोत्सवी वर्षी कबूल केले पाहिजे. शिष्यवृत्ती घेण्यासाठी मंचावर चढलेल्या मुलीची नजर आपल्या पायांवर खिळलेली आम्ही पाहिली आहे, आणि तरीही पुढच्या वर्षी तसाच समारंभ केला आहे.

४. कुजले ते आणि टिकले ते

आता या पाठातील अवघड भागाकडे येऊ. मोशेने सांगितले की, कोणी सकाळपर्यंत काही ठेवू नये. काहींनी ठेवले. त्यात किडे पडले व दुर्गंधी सुटली. कोठारे बांधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना साठविण्याचा मोह व्हावा यात नवल नाही. धन्याची जी रीत तेवढीच दासाने पाहिलेली असते, आणि सुटल्यावर तो प्रथम तीच करू पाहतो.

यावरून साठविणे हेच पाप, असा अर्थ काढणारे उपदेशक आहेत. पण त्याच अध्यायात दोन ठिकाणी साठविण्याची आज्ञा आहे. सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर वेचावे व सातव्या दिवसासाठी ठेवावे असे सांगितले. ते रात्रभर राहिले आणि त्याला ना कीड लागली ना वास आला. शिवाय एक ओमर मान्ना एका पात्रात भरून पिढ्यान्‌पिढ्यांसाठी परमेश्वरासमोर ठेवण्यास सांगितले; तेही राहिले.

मान्ना तोच, रात्र तशीच, भांडी त्याच घरची. मग एक कुजावे आणि दुसरे टिकावे, हे कसे? कुजले ते एकाने शेजाऱ्यावर व उद्यावर विश्वास नाही म्हणून दडवून ठेवलेले होते. सहाव्या दिवशीचे टिकले, कारण ते सर्वांनी सर्वांच्या विसाव्यासाठी ठेवलेले होते. पात्रातले टिकले, कारण ते खाण्यासाठी नसून पुढील पिढीला दाखविण्यासाठी होते, आणि ते फक्त एक ओमर होते. साठा कोणासाठी आहे, यावर तो कुजणार की टिकणार हे ठरते. हाच या पाठाचा गाभा आहे असे आम्ही मानतो. योसेफाच्या कोठाराचाही निवाडा याच कसोटीने होतो: दुष्काळात जगविण्यापुरता तो साठा वरदान ठरला, आणि त्याच्या बदल्यात माणसे लिहून घेतली तेव्हा तोच साखळदंड झाला.

५. सातवा दिवस

सातव्या दिवशी काही लोक सवयीने वेचण्यास बाहेर गेले, पण त्यांना काही मिळाले नाही. शब्बाथ पाळण्याची ही शास्त्रातील पहिली हकीकत आहे. दहा आज्ञा अजून दिल्या जावयाच्या होत्या. गुलामाला सुटी नसते. म्हणून स्वातंत्र्याचा पहिला नियम सुटीचा झाला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचे कारण सांगताना, तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव, असाच आशय आहे. आणि तेथे दास-दासी, बैल, गाढव व परका यांनाही विसावा मिळावा असे बजावले आहे.

ही आज्ञा मराठी मुलखात किती निष्ठेने पाळली गेली, त्याचे उदाहरण फार दूर नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्याच्या गावांत, बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्यांचा धंदा घाण्यावर तेल काढण्याचा. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावाचा बाजार चालू असताना, शेजारचा घाणा फिरत असताना, हातावर पोट असलेल्या तेल्याने आठवड्यातून एक दिवस बैल सोडून ठेवावा, हे सोपे नव्हते. सहाव्या दिवशीचे दुप्पट माप पुरेल, या विश्वासावरच ते होत होते. मिसरातून सुटकेच्या रात्रीची हग्गादा ही पोथी या समाजासाठी १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठीत छापली गेली. आपल्याच भाषेत ही कथा सणाच्या ताटाभोवती वाचली जात होती, याचा आपणांस आनंद वाटावा.

६. मान्ना थांबला

यहोशवाच्या पाचव्या अध्यायात या कथेचा शेवट आहे, आणि तो आपण बहुधा वाचीत नाही. चाळीस वर्षांनी लोक यार्देन ओलांडून गिलगालास आले, त्यांनी वल्हांडण सण पाळला, त्या भूमीच्या पिकाची भाकर व हुरडा खाल्ला, आणि दुसऱ्याच दिवसापासून मान्ना बंद झाला. कोणी रडले असे लिहिलेले नाही. देणे थांबले ते रागाने थांबले नाही; शेत हाती आले म्हणून थांबले.

अन्न देण्यापासून शेत हाती देण्यापर्यंतची ही वाट आपल्या मुलखात पंडिता रमाबाईंनी चालून दाखविली. दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणून सांभाळल्या. पुण्याजवळ केडगाव येथे जे घर उभे राहिले त्याचे नाव त्यांनी 'मुक्ती' ठेवले. रोजच्या अन्नासाठी तेथे प्रार्थना होई. आणि त्याबरोबर शेती होई, विणकाम होई, छापखाना चाले. उपाशी आलेल्या मुली अक्षर शिकल्या आणि खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मान्नाची कथा ज्यांनी भुकेने अनुभवली, त्यांच्याच हातांनी ती मराठीत छापली गेली.

७. आपल्या वहीखात्याकडे

आता ट्रस्टकडे येऊ. पन्नास वर्षांत आपली कायम ठेव वाढली, इमारत झाली, अर्जही वाढले. वार्षिक सभेत दर वर्षी एकच वाद होतो: व्याज वाटावे, की मुद्दलात घालावे? दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक आहेत. ठेव राखा म्हणणाऱ्यांनी हातावरचे दिवस पाहिलेले आहेत. वाटून टाका म्हणणाऱ्यांच्या दारात आज अर्जदार उभा आहे. सोळावा अध्याय या वादात एकाच बाजूने कौल देत नाही, पण दोघांच्याही हाती माप देतो. जी ठेव आजारपण, वार्धक्य व शिक्षण या सर्वांच्या सातव्या दिवसासाठी राखली आहे, ती सहाव्या दिवशीचे ओमर आहे, ती राखावी. आपल्या वाडवडिलांनी वर्गणीतून पहिली रक्कम कशी उभी केली त्याची आठवण म्हणून जे ठेवावयाचे, ते पात्रातले एक ओमर आहे. ते एकच ओमर असावे. आणि केवळ आकडा मोठा दिसावा म्हणून, अर्ज परत पाठवून, जे आपण ठेवतो, त्याला वास सुटण्यास उशीर लागला तरी तो सुटणारच.

मदत ठरविताना अर्जदाराच्या घरात तोंडे किती, हा प्रश्न पहिला असावा; त्याची भाषा, गल्ली व ओळख यांना माप नसावे. मदत घराच्या दाराशी पोहोचावी. आणि प्रत्येक मदतीबरोबर, ती थांबण्याचा दिवस जवळ यावा म्हणून, शिक्षण, यंत्र वा धंद्याचे साधन देण्याचा यत्न व्हावा. असे झाले तर पन्नासाव्या वर्षी फुंकलेले शिंग आपल्या सीमाभागातील शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न :

(१) आपल्या घरात ओमराहून अधिक असलेली अशी कोणती गोष्ट आहे, की जी शेजाऱ्याकडे ओमराहून कमी आहे?

(२) आपण राखून ठेवलेल्यांपैकी भीतीने ठेवलेले कोणते, आणि विसाव्यासाठी ठेवलेले कोणते?

(३) आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून सातवा दिवस मिळतो काय?

(४) आपल्या वडिलांच्या पिढीला मिळालेली मदत कोणी दिली होती, आणि ती कोणत्या दिवशी थांबली? मुलांना ती हकीकत सांगितली आहे काय?

रानात ज्याने रोज सकाळी माणशी माप पुरविले, तो परमेश्वर आम्हां सर्वांस वेचण्यास बळ, मोजण्यास न्याय आणि वाटण्यास मोकळा हात देवो, हीच या महोत्सवी वर्षी त्याच्या चरणी प्रार्थना.